गोठलेल्या तलावावर मुक्काम करताना तंबूतील सुरक्षित ऊब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठलेल्या पाण्यावर तंबू ठोकून रात्र काढणाऱ्यांना थंडीची भीती आधी वाटते आणि ती घालवण्यासाठी आणलेल्या साधनाची भीती बहुधा वाटतच नाही. पुढील उत्तरे या दुसऱ्या भीतीला तिची योग्य जागा मिळावी, यासाठी लिहिली आहेत. हीटरसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेतील सूचना येथील सूचनांपेक्षा कडक असतील, तर पुस्तिकेतील सूचनाच पाळाव्यात.

तंबूत हीटर चालू ठेवून झोपता येते का?

ज्या साधनाची ज्योत तंबूच्या हवेतच जळते आणि ज्याचा जळका वायू तंबूतच राहतो, ते चालू ठेवून झोपू नये. हीटरवर कितीही सुरक्षा यंत्रणा असल्या, तरी या उत्तरात बदल होत नाही. असा हीटर कपडे बदलण्यासाठी, ओले मोजे वाळवण्यासाठी, जेवणाच्या वेळी आणि सकाळी उठताना वापरावा. झोपेतील ऊब अंथरूण-पांघरुणातून मिळाली पाहिजे. ज्याचे ज्वलन बंदिस्त कक्षात होते आणि धूर नळीने बाहेर जातो, अशा साधनाची गोष्ट वेगळी आहे. परंतु तेथेही कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारा, चालू स्थितीतील गजर नसेल, तर झोपणे योग्य नाही.

मोठा धोका कोणता, आगीचा की वायूचा?

दोन्ही जिवावर बेतणारे आहेत. मात्र आग दिसते, तिचा वास येतो, ती माणसाला जागे करते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि त्याने ठसकाही लागत नाही. इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही किंवा ज्योत थंड पृष्ठभागावर आपटून विझू लागली, की ज्वलन अर्धवट राहते आणि हा वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी शरीराचा ऑक्सिजनपुरवठा हळूहळू कमी होत जातो. हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग, म्हणजे २०० पीपीएम, इतका वायू असेल तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर व मळमळ सुरू होते आणि सुमारे दोन तासांत शुद्ध हरपते. १,६०० पीपीएमला डोकेदुखी वीस मिनिटांतच सुरू होते आणि एक ते दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो.

अनुभवी माणसाला हे कळेल, असे समजू नये. अमेरिकेचे ध्रुवीय संशोधक ॲडमिरल रिचर्ड बर्ड १९३४च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकामध्ये बर्फात गाडलेल्या एका लहान झोपडीत एकटे राहिले होते. तेथील शेगडीचा आणि रेडिओसाठी वापरल्या जाणाऱ्या जनित्राचा धूर नीट बाहेर जात नसल्यामुळे त्यांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. त्यांच्या बिनतारी संदेशांतील विस्कळीतपणा मुख्य तळावरील सहकाऱ्यांच्या लक्षात आला आणि ऑगस्टमध्ये तीन जण त्यांच्यापर्यंत पोहोचले. या वायूचा पहिला घाव विचारशक्तीवरच बसतो. म्हणून ‘काही जाणवले तर बाहेर पडू’ या बेतावर विसंबता येत नाही.

तंबू कापडाचाच आहे. त्यातून हवा येत-जात नाही का?

कोरड्या, मोकळ्या कापडातून थोडी हवा जाते. पण बर्फावरील तंबू तसा राहत नाही. श्वासातील आणि ज्वलनातील वाफ कापडाच्या आतल्या बाजूला गोठते व त्याची छिद्रे बुजवते. वारा आत येऊ नये म्हणून तंबूच्या खालच्या झालरीवर आपण स्वतःच हिम रचतो. रात्री हिमवृष्टी झाली, तर उरलेल्या फटीही बंद होतात. अस्तर असलेले, दोन थरांचे तंबू तर ऊब धरून ठेवण्यासाठीच बनवलेले असतात आणि बर्फाच्या जमिनीतून हवा येण्याचा प्रश्नच नसतो.

यासंबंधीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच किलोवॅटचा प्रोपेन हीटर तासाला सुमारे २०० ग्रॅम इंधन जाळतो. ८ घनमीटर हवा मावणारा तंबू पूर्णपणे बंद असेल, तर साधारण अर्ध्या तासात त्यातील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येईल. आतील माणसांचा श्वास यात धरलेलाही नाही. म्हणून एक झरोका खाली, जमिनीलगत आणि एक वर, छताजवळ, असे दोन झरोके हीटर पेटवण्यापूर्वी उघडावेत. खालून ताजी हवा येते, वरून गरम व दूषित हवा जाते. एकच झरोका कितीही मोठा असला, तरी असा प्रवाह नीट चालत नाही. झरोका किती मोठा असावा, हे हीटरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तो आकडा किमान मर्यादा म्हणून पाळावा. हिम पडत असेल, तर दर तासाला बाहेर जाऊन झरोके हाताने मोकळे करावेत.

झरोके उघडे ठेवले तर सारी ऊब निघून जाणार नाही का?

काही ऊब जाते, हे खरे. पण तिच्याबरोबर ओल जाते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे वर सांगितलेला हीटर पाच तास चालवला, तर दीड लिटरहून अधिक पाणी तंबूच्या हवेत मिसळते. बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ते छतावर गोठते, हीटरच्या उबेने पुन्हा वितळते आणि पांघरुणावर ठिबकते. पिसे भरलेली झोपण्याची पिशवी ओली झाली, की तिची ऊब धरण्याची शक्ती झपाट्याने घटते. तंबूतील हवा थोडी थंड पण कोरडी असेल, तर रात्र सुखाची जाते. गरम आणि दमट हवा हीटर बंद होताच त्रास देऊ लागते. झरोक्याकडे उबेची गळती म्हणून न पाहता तापवण्याच्या व्यवस्थेचाच भाग म्हणून पाहावे.

कोणता हीटर निवडावा?

उचलून नेता येणारे प्रोपेनचे तेजोत्सर्गी हीटर सर्वाधिक वापरले जातात. ते लगेच पेटतात, हलके असतात आणि समोरच्या माणसाला थेट ऊब देतात. त्यांची उणीव वर आली आहेच : जळका वायू आणि वाफ दोन्ही तंबूतच सोडली जातात. ‘घरात वापरण्यास योग्य’ असे स्पष्ट लिहिलेलेच मॉडेल घ्यावे. मोकळ्या जागेसाठी बनवलेले, सिलिंडरच्या डोक्यावर थेट बसणारे हीटर तंबूत कधीही आणू नयेत. कललेल्या किंवा आडव्या झालेल्या हीटरचा वायू आपोआप बंद होण्याची सोय अत्यावश्यक आहे.

ज्योतीविना तापणारे उत्प्रेरक हीटर कमी तापमानावर चालतात, म्हणून आगीचा धोका काहीसा कमी असतो. परंतु ‘ज्योत नाही’ याचा अर्थ ‘ज्वलन नाही’ असा होत नाही. तेही ऑक्सिजन वापरतात आणि त्यांचाही जळका वायू आतच राहतो.

डिझेलवर चालणारे हवा तापवणारे हीटर मला मुक्कामासाठी सर्वात योग्य वाटतात. त्यांत ज्वलनाची हवा आणि उबेची हवा यांचे मार्ग वेगळे असतात. यंत्र तंबूबाहेर ठेवून फक्त गरम हवेची नळी आत आणता येते. आत येणारी हवा कोरडी असल्यामुळे ओलीचा त्रासही फारसा उरत नाही. मात्र मांडणीत एक चूक घातक ठरते : तंबूत ढकलली जाणारी हवा यंत्र जेथून ओढते, ते तोंड धुराच्या नळीजवळ असेल, तर पंखा धूरच आत भरतो. म्हणून धुराची नळी वारा जिकडे वाहत जातो त्या दिशेला वळवावी, हवा घेणारे तोंड तिच्यापासून दूर, विरुद्ध बाजूला ठेवावे आणि वाऱ्याची दिशा बदलल्यास मांडणीही बदलावी. धुराची नळी अतिशय तापते. तिच्या खाली बर्फ आणि शेजारी कापड नको. पेटताना हे यंत्र बॅटरीतून बराच वीजप्रवाह ओढते, त्यामुळे अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर ते सुरूच होत नाही. बंद करताना पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल घट्ट होते, म्हणून हिवाळी प्रतीचेच डिझेल भरावे.

विजेचे हीटर बॅटरीवर चालवणे व्यवहार्य नाही. १ किलोवॅट-तास साठवणारा बॅटरीसंच ५०० वॅटचा हीटर दोन तासही चालवत नाही. तोच संच ५० वॅटच्या विजेच्या पांघरुणाला मात्र रात्रभर पुरू शकतो. लिथियमची बहुतेक बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली असताना चार्ज करू नये; तिचे कायमचे नुकसान होते.

निखाऱ्यांची शेगडी, कोळसा, बाहेरच्या स्वयंपाकाची चूल यांपैकी काहीही तंबूत आणू नये. ज्वाळा नसलेले, शांत दिसणारे निखारे मोठ्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. झरोके उघडे ठेवल्याने ही मनाई शिथिल होत नाही.

हीटरमध्ये ऑक्सिजन कमी होताच बंद पडण्याची सोय आहे. मग वेगळा गजर कशाला हवा?

ती सोय ऑक्सिजन मोजते. कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर आला की ती वायू बंद करते. परंतु हीटरची जाळी घाणीने चोंदली असेल किंवा हीटर पडल्यामुळे ज्वालक (बर्नर) वाकला असेल, तर हवेत ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो आणि ही सोय स्वस्थ राहते. उलट उंच प्रदेशात, विरळ हवेमुळे ती विनाकारण हीटर बंद पाडते. अशा वेळी ती निकामी करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

गजर कसा आणि कुठे लावावा?

बॅटरीवर चालणारा आणि प्रमाण आकड्यांत दाखवणारा गजर घ्यावा. आकडे का हवेत, याचे कारण आहे. अमेरिकेत घरगुती गजरांना लागू असलेल्या यूएल २०३४ या मानकानुसार ७० पीपीएमला गजर वाजण्यास एक ते चार तास लागू शकतात; १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटे आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटे. मधल्या काळात गजर शांत असतो, पण आकडा वाढत असतो. ३० पीपीएम दिसू लागले तरी झरोके मोठे करून हीटर बंद करावा आणि कारण शोधावे.

अनेक घरगुती गजर गोठणबिंदूखाली भरवशाने चालत नाहीत. त्यामुळे खरेदी करताना कोणत्या तापमानापर्यंत उपकरण चालते, हे तपासावे. युरोपात फिरत्या वाहनांसाठी व नौकांसाठी ईएन ५०२९१-२ हे वेगळे मानक आहे आणि त्यानुसार बनवलेले गजर अशा वापरास अधिक साजेसे असतात. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेच्या जवळपास इतकेच असल्याने तो तंबूभर मिसळतो. म्हणून गजर झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीच्या आसपास, झरोक्यापासून व हीटरपासून थोड्या अंतरावर टांगावा. पिशवीत किंवा कपड्यांखाली ठेवलेला गजर नसल्यासारखाच आहे. त्यात नेहमीच्या अल्कलाइन सेलऐवजी थंडीत टिकणारे, एकदाच वापरायचे लिथियम सेल घालावेत, मात्र गजराच्या पुस्तिकेत त्यांना परवानगी असावी.

धुराडे असलेली लाकडाची शेगडी तंबूत सुरक्षित असते का?

त्यासाठीच शिवलेल्या, धुराड्याभोवती उष्णतारोधक कापड असलेल्या तंबूत ती चांगली चालते. धूर बाहेर जातो आणि ज्वलनासाठी हवा सतत आत ओढली जात असल्याने तंबू कोरडा राहतो. धुराड्याचे तोंड तंबूच्या माथ्यापेक्षा उंच असावे, त्यावर ठिणगीरोधक जाळी असावी आणि तारांनी ते ताणून बांधावे. जाळी काजळीने व गोठलेल्या वाफेने बुजते, म्हणून ती रोज साफ करावी.

या शेगडीचा सर्वात धोकादायक काळ ती भडकलेली असतानाचा नाही. लाकूड संपत येते, केवळ निखारे उरतात, धुराडे थंड होते आणि त्यातील वरची ओढ मंदावते. तेव्हा निखाऱ्यांचा वायू धुराड्यातून वर जाण्याऐवजी तंबूत उतरू शकतो. हा काळ नेमका पहाटे येतो, जेव्हा सगळे गाढ झोपेत असतात. रात्रभर शेगडी चालवायची असेल, तर आळीपाळीने एकाने जागे राहावे. अन्यथा झोपण्यापूर्वी ती पूर्ण विझू द्यावी. हवेची झडप अगदी बंद करून आग रात्रभर धुमसत ठेवण्याची युक्ती तंबूत करू नये.

हीटरमुळे खालचा बर्फ वितळून तंबू खचेल का?

पुरेशा जाड बर्फावर एका रात्रीच्या उबेने तसे होत नाही. १ चौरस मीटर जागेवरील १ सेंटिमीटर जाडीचा बर्फ वितळण्यास जवळपास ०.८५ किलोवॅट-तास उष्णता लागते आणि तंबूतील बरीचशी उष्णता वर जाते. पृष्ठभागावर पाणी साचणे हा खरा त्रास आहे : हीटरखाली खळगा पडतो, तो कलतो आणि बिछाना भिजतो. म्हणून हीटर रुंद लाकडी फळीवर, समतल ठेवावा. फेसाच्या (फोमच्या) चटईवर थेट ठेवू नये. उरलेल्या जमिनीवर बंद छिद्रांच्या फेसाच्या जाड चटया अंथराव्यात.

बर्फाच्या जाडीचा प्रश्न हीटरपेक्षा मोठा आहे. एका माणसाला चालण्यासाठी नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची किमान जाडी १० सेंटिमीटर सांगितली जाते. पांढऱ्या, हिममिश्रित बर्फाची ताकद निम्मी धरून त्याची जाडी दुप्पट हवी. मुक्कामासाठी मात्र ही किमान मर्यादा पुरेशी मानू नये, कारण एकाच जागी तासन्‌तास राहिलेल्या वजनाखाली बर्फ हळूहळू वाकत जातो. ३० सेंटिमीटर जाडीच्या बर्फाचा सुमारे अडीच सेंटिमीटर भागच पाण्याच्या पातळीच्या वर असतो. तंबूजवळ पाडलेल्या छिद्रातून पाणी वर येऊन पसरू लागले, तर तो बर्फ वाकल्याची खूण समजून तंबू हलवावा. वाहने आणि सामानाचे ढीग तंबूपासून लांब ठेवावेत.

थंडीत सिलिंडरचा दाब कमी होतो. त्यावर उपाय काय?

साधा ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसच्या खाली वायुरूप घेत नाही, आयसोब्यूटेन सुमारे उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. म्हणून बर्फावर शुद्ध प्रोपेन न्यावा. सतत वापरात सिलिंडर स्वतःच्या बाष्पीभवनाने आणखी थंड होतो आणि त्यावर दव गोठते. मोठा सिलिंडर वापरल्यास हा परिणाम कमी जाणवतो. सिलिंडर तंबूबाहेर, उभा ठेवावा आणि योग्य प्रतीच्या नळीने व रेग्युलेटरने जोडावा. त्याला ज्योत दाखवणे, हीटरसमोर ठेवणे किंवा उकळते पाणी ओतणे हे प्रकार प्राणघातक आहेत. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत, म्हणजे नेमका झोपलेल्या माणसांच्या पातळीवर साचतो. वास येताच काहीही न पेटवता बाहेर पडावे आणि झडप बाहेरून बंद करावी.

स्वयंपाक आत करावा का?

शक्यतो करू नये. हिम भरलेले थंड भांडे ज्योतीवर ठेवले, की ज्योत त्याच्या बुडाला लागून थंड होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हिम वितळवण्याचे काम बराच वेळ चालत असल्याने धोकाही तितकाच लांबतो. वादळामुळे दुसरा मार्ग नसेल, तर तंबूच्या पडवीत, दार अर्धे उघडे ठेवून, एकाच साधनावर काम करावे. द्रव इंधन नेहमी बाहेर, विझलेल्या आणि निवलेल्या स्टोव्हमध्येच भरावे.

हीटर बंद केल्यावर रात्र कशी काढायची?

ही तयारी घरातून निघतानाच करावी लागते. अपेक्षित किमान तापमानापेक्षा खालचे ‘आरामदायक तापमान’ असलेली झोपण्याची पिशवी घ्यावी. त्याच पिशवीवर छापलेला ‘मर्यादा तापमान’ हा आकडा निवडीसाठी वापरू नये. खालून जाणारी थंडी वरच्या थंडीपेक्षा अधिक छळते, म्हणून अंथरुणाचे उष्णतारोधक मूल्य, म्हणजे आर-मूल्य, ५ किंवा अधिक असावे. दोन चटया एकावर एक घातल्यास त्यांची मूल्ये एकत्र मिळतात. झोपण्यापूर्वी पोटभर, स्निग्ध अन्न घ्यावे, कोरडे मोजे व टोपी घालावी आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायांशी ठेवावी. तोंड पिशवीच्या आत घेऊन श्वास सोडू नये. त्याने पिशवी ओलावते. अशी तयारी नसताना केवळ हीटरच्या आधारावर मुक्काम ठरवलेला असेल, तर तो पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आगीसाठी कोणती तयारी हवी?

नायलॉन आणि पॉलिएस्टर २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात आणि जळते थेंब अंगावर पडतात. हीटरसमोर निदान पाऊण मीटर जागा मोकळी ठेवावी आणि त्याच्यावर कपडे वाळत घालू नयेत. वाऱ्याने आत ढकलली जाणारी भिंतही या हिशेबात धरावी. कोरड्या भुकटीचा अग्निशामक दाराजवळ असावा. प्रत्येकाच्या हाताशी कापड फाडता येईल अशी सुरी असावी, कारण दाराची चेन गोठलेली असू शकते. आग भडकली, तर सामान न उचलता भिंत चिरून बाहेर पडावे. बूट, कोट आणि एक संपर्कसाधन वेगळ्या पिशवीत तंबूबाहेर ठेवले, तर तंबू जळाल्यानंतर थंडीतही तग धरता येतो.

विषबाधा झाल्याचे कसे ओळखावे आणि काय करावे?

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अशक्तपणा, गोंधळलेले बोलणे आणि अनावर झोप ही मुख्य लक्षणे आहेत. ती थकवा, सर्दी-ताप, मद्यपान किंवा शरीर गारठणे यांच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे फसगत होते. तंबूतील एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर दुसरे कारण शोधत बसू नये. बोटाला लावायचे ऑक्सिजनमापक यंत्र येथे दिशाभूल करते, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. त्वचा लालबुंद होण्याची वाटही पाहू नये. ती खूण जिवंत माणसात क्वचितच दिसते.

सर्वांना लगेच मोकळ्या हवेत आणावे, सहज शक्य असल्यास हीटर बंद करावा आणि आपत्कालीन मदत मागवावी. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. बाहेर आणलेला माणूस गारठू नये म्हणून त्याच्या खाली-वर पांघरूण घालावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण एक ते दीड तास. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयात जाणे आवश्यक आहे. स्मरणशक्ती आणि वागणुकीतील बिघाड काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकार असलेल्यांना कमी प्रमाणातही अधिक इजा होते, त्यामुळे त्यांच्याबाबत क्षणाचाही विलंब नको.

सकाळी हीटर पुन्हा पेटवताना काय पाहावे?

प्रथम दार उघडून तंबूतील हवा बदलावी. रात्री गोठलेले दव झरोक्यांवरून झटकावे, तंबूच्या पायथ्याशी साचलेले हिम खालच्या झरोक्यासमोरून काढावे आणि धुराची नळी किंवा धुराडे असल्यास त्याच्या तोंडात बर्फ नाही ना, हे हात घालून पाहावे. नळीच्या जोडांवर कडकपणा किंवा भेगा दिसतात का, हीटरखालची फळी अजून समतल आहे का आणि गजराचे बटण दाबल्यावर तो वाजतो का, हे तपासावे. ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी, लांबट किंवा फडफडणारी दिसली, तर हीटर बंद करून बाहेर न्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तंबूत वापरू नये.